जमिनीवरचा बर्फ

सर,

तुमच्या शोकसभेत मी बोलले नाही. मुख्याध्यापकांनी दोनदा माझ्याकडे पाहिलं. "ग्रंथालयामुळे बाईंचा आणि खंदारे सरांचा जवळचा संबंध होता," असंही म्हणाले. मी नुसती मान हलवली. मग इतर बोलले. तुम्ही मनमिळाऊ होता, वक्तशीर होता, भूगोलासारखा रुक्ष विषय गोडीनं शिकवत होता. दोन मिनिटं सगळे उभे राहिले, आणि तिसऱ्या तासाची घंटा झाली.

मनमिळाऊ हा शब्द तुम्हाला आवडला नसता.

आता दीड महिना होत आला. यंदाच्या हस्तलिखिताचे जाड कागद माझ्यासमोर पडले आहेत आणि त्यांच्याखाली तुमची चार पानं आहेत. पाच वर्षांपूर्वी ती तुम्ही मला दिली होती. मी ती स्वीकारली नाहीत आणि परतही केली नाहीत. ग्रंथालयाच्या कपाटात, खालच्या खणात ठेवून दिली. आपल्या शाळेच्या हस्तलिखिताची एकच प्रत निघते. चांगल्या अक्षराची मुलं ती लिहितात, संमेलनाच्या दिवशी ती टेबलावर ठेवली जाते, पालक पानं उलटून बघतात, आणि मग ती कपाटात जाते. त्यात जे आलं नाही ते आपल्या शाळेपुरतं कुणी लिहिलंच नाही. त्यात काय येईल आणि काय येणार नाही हे अठरा वर्षं मी ठरवत आले आहे.

तुम्ही नवीन आलात तेव्हा पहिल्याच आठवड्यात ग्रंथालयाच्या दारात उभे राहून विचारलं होतंत, "बाई, इथं कुणी न वाचलेलं काय आहे?"

असा प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. मी तुम्हाला जुन्या मासिकांचे गठ्ठे दाखवले. सुतळीसुद्धा सुटलेली नव्हती. तुम्ही खिशातून छोटा चाकू काढलात, मग पुन्हा ठेवून दिलात आणि गाठ हातानं सोडवत बसलात. "सुतळी कामाला येते," म्हणालात. त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत तुम्ही डबा घेऊन कपाटाशेजारच्या टेबलावर बसू लागलात. चहासाठी तुम्ही स्वतःचा कप आणला होता. तसा आणा असं तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तो का आणलात, हे मीही कधी विचारलं नाही.

एकदा मी विचारलं होतं, तुमचं गाव कोणतं. तुम्ही हसत सांगितलंत, "आमचं एक घर पाण्यात गेलं, एक आगीत. तिसरं मी भाड्याचं घेतलंय. आता जायचं तर मालकाचं जाईल."

मीही हसले. आगीतलं घर कुठलं हे मला लगेच कळलं होतं. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि खेड्याखेड्यांतून वस्त्या जळाल्या, तेव्हा मी याच शाळेत होते. शाळा आठ दिवस बंद होती. सर, त्या आठ दिवसांत मी तीन कादंबऱ्या वाचल्या. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं? पण तुम्ही ते वाक्य हसत बोललात तेव्हा मला त्या तिन्ही कादंबऱ्यांची मुखपृष्ठं आठवली होती.

पाण्यातल्या घराबद्दल मात्र तुम्ही पुष्कळ बोलायचात. येलदरीचं धरण भरत होतं तेव्हा तुम्ही शाळकरी वयाचे होता. गाव पूर्णेच्या काठावर आणि तुमची वस्ती सगळ्यांत खाली, नदीकडे. पाणी कुठवर येणार याच्या खुणेचे दगड साहेब लोक आधीच रोवून गेले होते. पण ते दगड इतक्या उंचावर होते की गावात कुणाला ते खरे वाटत नव्हते. पाणी टेकडी चढून येतं काय, असं लोक म्हणत. तुमचे वडील रोज दिवस मावळताना पाण्याच्या काठाला एक काडी खोवून येत. सकाळी ती काडी पाण्यात असे. मग ते दुसरी खोवत.

"आवाज नसतो हो, बाई," तुम्ही म्हणाला होता. "पूर आला तर कळतं. हे नुसतं उंच होत जातं. बाप म्हणायचा, 'पानी हाय ते. पाटलाच्या वावरात गेल्याबिगर राहील का? समदेच हालतील. आपल्या एकट्यासाठी थोडंच यायलंय.' बरोबर होतं त्याचं. समदेच हालले. पण आमी पहिले हाललो. पाटलाचं घर उठायला पुढं दोन महिने लागले. तेवढ्या वेळात त्यांनी दारं, तुळया, फरश्या, सगळं काढून नेलं. आमचं काढायला सवडच नव्हती."

एरवी तुमची भाषा पुस्तकी होती. वडिलांबद्दल बोलताना ती अशी तुमच्या गावाकडे वळायची, आणि तुम्हाला ते कळायचं नाही.

मी समुद्र पाहिलेला नाही. तुम्ही दरवर्षी पाहायचात. सहा डिसेंबरला दादरला जायचात आणि परत आल्यावर मी विचारायची, कसा होता समुद्र? तुम्ही गर्दीचं, रांगेचं, पुस्तकांच्या दुकानांचं सांगायचात. माझ्यासाठी एखादं पुस्तक आणायचात. एका वर्षी म्हणालात, "रांगेतून बाहेर आलो आणि तासभर पाण्याकडं बघत बसलो. चैत्यभूमी अगदी काठाला आहे, बाई. मध्ये वाळू आणि एक भिंत, बस." डबा उघडलात आणि तसाच बंद केलात.

त्याच हिवाळ्यात तुम्ही ती चार पानं लिहिलीत.

लेखाचं नाव साधं होतं, 'बर्फ आणि समुद्र'. सुतळी सोडलेल्या गठ्ठ्यांतून आणि पुढच्या काही वर्षांच्या अंकांतून वाचून, टिपून तुम्ही तो तयार केला होता. पृथ्वीचं तापमान वाढतं आहे. ध्रुवांकडचा बर्फ वितळत जाईल. समुद्राची पातळी हळूहळू वर येईल. आणि शेवटच्या पानावर तुम्ही मुलांना लिहिलं होतं, आपण परभणी जिल्ह्यात राहतो, समुद्र आपल्याकडे येणार नाही असं तुम्हाला वाटेल, पण कुठलंही पाणी वर येतं तेव्हा सगळ्यांत खाली राहणाऱ्यांना ते पहिल्यांदा भेटतं.

दुसऱ्या पानावर एक वाक्य होतं. 'दक्षिणेकडील हा बर्फ पाण्यावर तरंगणारा नाही, तो जमिनीवर रचलेला आहे.' त्याच्याखाली मी पेन्सिलीनं रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'जमीन? तपासणे.'

ती रेघ अजून तिथे आहे.

अंटार्क्टिकाचं नाव मला माहीत नव्हतं असं नाही. पण तो एक पांढरा, तरंगता प्रदेश असावा अशी माझी समजूत होती. आमचा बर्फ नेहमी पाण्यातच असायचा. लस्सीच्या ग्लासात, सरबतात, लग्नाच्या पिंपात. ग्रंथालय सांभाळणारी मी, आणि माझ्याच कपाटातून तुम्ही असं काही वाचून आलात जे मला ठाऊक नव्हतं. तेही मला थोडं लागलं होतं.

मी तपासायला कुठे गेले? स्टाफरूममध्ये. सगळ्यांसमोर विचारलं, ध्रुवावरचा बर्फ वितळला तर समुद्र खरंच वाढेल का? मला वाटलं, मी निःपक्षपातीपणे विचारते आहे. गणिताच्या सरांनी वर्तमानपत्र खाली केलं.

"कोण म्हणतं असं?"

"खंदारे सरांचा लेख आहे."

ते तुमच्याकडे वळले. "आधी नाव वर चढवायचं, आता समुद्र वर चढवायचा. खंदारे सर, खाली काही राहू देता का न्हाई?"

सगळे हसले. विद्यापीठाच्या नावाचं आंदोलन तेव्हा धुमसतच होतं, त्यामुळे ते हसणं कशाचं होतं हे न कळण्याइतकी मी भाबडी नव्हते. तिथेच मला थांबता आलं असतं. 'हे बोलणं बरं नाही,' एवढे चार शब्द. त्याऐवजी मी म्हणाले, "वाद कशाला? करूनच बघू या."

म्हणजे वाद दोन बाजूंचा होता असं मी ठरवून टाकलं.

शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधी, दहावीच्या मुलांसमोर, पटांगणात टेबल मांडलं. आपले शिपाई हुसेनभाई सायकलवरून सेलूच्या स्टेशनाजवळून बर्फ घेऊन आले. गोणपाटात, लाकडाच्या भुशात गुंडाळलेला.

"बाई, निघालो तवा एवढा होता," त्यांनी दोन्ही हात पसरून दाखवले. "अर्धा रस्त्यानंच उतरून गेला. जल्दी करा, न्हाई तर गोणीच वितळायची."

भुसा धुऊन काढला. काचेचा ग्लास काठोकाठ भरला. बर्फाचा तुकडा अलगद सोडला, वर आलेलं पाणी सांडू दिलं, आणि ग्लास उन्हात ठेवला. तुम्ही निंबाखाली हाताची घडी घालून उभे होता. मुलं टेबलाभोवती दाटली.

"सांडायलं बघ आता!"

"कुठं सांडायलं? डोळे फुटले का तुझे?"

"अरे भायरून बघ की, थेंब यायलेत!"

ग्लासाच्या बाहेरून थेंब ओघळत होते. मी पदरानं ग्लास पुसला आणि म्हणाले, हे आतलं पाणी नाही, हवेतलं आहे. बर्फ लहान झाला, चपटा झाला, नाहीसा झाला. पाणी काठावर होतं तिथंच राहिलं. एक थेंबही वाढला नाही.

गणिताच्या सरांनी टाळ्या वाजवल्या. मग मुलांनी वाजवल्या. मुलांचा काय दोष? त्यांना सरांनी वाजवल्या म्हणून वाजवायच्या हे कळत होतं. "समुद्र वाचला रे!" असं मागून कुणीतरी ओरडलं.

तुम्ही टेबलाजवळ आलात. ग्लासाकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. "बाई, तुमचा बर्फ पाण्यात होता," एवढंच म्हणालात आणि निघून गेलात.

मला वाटलं, तुम्ही रागावून काहीतरी बोलून गेलात. मी त्या वाक्याचा विचार केला नाही. लेख वगळला. तुमच्यासाठी राखलेल्या चार पानांवर कोडी आणि चुटके घेतले. संमेलनाच्या दिवशी तुम्ही हस्तलिखित चाळलंत, चुटक्यांच्या पानांवर थोडं थांबलात, आणि पुढच्या माणसाला जागा करून दिलीत.

त्यानंतरही तुम्ही पुस्तकं न्यायचात. वेळेवर परत आणायचात, "आभारी आहे" म्हणायचात. डबा मात्र स्वतःच्या वर्गात खाऊ लागलात. मी स्वतःला समजावलं की दहावीचे जादा तास असतील.

दोन वर्षांपूर्वी शाळेला रंग दिला. तुमच्या खोलीतला जगाचा मोठा नकाशा त्यासाठी उतरवला. तुम्ही त्या आठवड्यात शिबिराला गेला होता. भिंतीची उंची कमी पडते म्हणून तो नकाशा तुमच्या आधीपासूनच खालून दांड्याभोवती वीतभर गुंडाळून खिळ्यांनी ठोकलेला होता. मी कधीही पाहिला तो तसाच. खाली दक्षिण अमेरिकेचं टोक, त्याखाली निळं पाणी, त्याखाली लाकडी दांडा. तिथे जग संपत होतं. हुसेनभाईंनी धूळ झटकायला खिळे काढले आणि नकाशा पूर्ण उलगडला. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पांढरा पट्टा बाहेर आला. ऊन कधी लागलंच नसल्यामुळे तेवढाच भाग नवा कोरा होता.

"ये क्या हाय बाई नीचे? छापायचं राहून गेलं का?"

मी वाकून पाहिलं. पांढऱ्यावर डोंगरांच्या बारीक खुणा होत्या आणि शेजारी त्यांच्या उंचीचे आकडे. डोंगर. उंची. पाण्यावर तरंगणाऱ्या बर्फाला डोंगर नसतात, सर.

तुम्ही तर दरवर्षी मुलांना त्या दांड्याखाली काय आहे ते फळ्यावर काढून दाखवायचात. मुलांना ठाऊक होतं. मला नव्हतं.

घरी जाऊन मी परातीत मध्ये दगड ठेवला, काठोकाठ पाणी भरलं, दगडावर बर्फ ठेवला. बर्फाचं पाणी दगडावरून उतरत गेलं. थोड्या वेळानं परातीच्या काठावरून पाणी फरशीवर आलं आणि माझ्या पायाखाली पसरलं. मी फडकं घेऊन ते पुसलं.

हे मला कळलं, आणि तुम्हाला कळवायला मी दोन वर्षं घेतली. तीही पुरली नाहीत.

कारण काय होतं ते सांगते. तुम्हाला एकट्याला गाठून सांगणं सोपं होतं. पण तुम्ही काय करायचात ते मी पाहिलं होतं. एकदा तुम्ही नववीला एक नदी चुकीच्या खोऱ्यात सांगितली होती. दुसऱ्या दिवशी तुम्ही वर्ग पुन्हा बसवलात, आदल्या दिवशी गैरहजर असलेल्यांनाही ऐकायला लावलंत आणि चूक फळ्यावर लिहून खोडलीत. मी म्हणाले होते, एवढं कशाला, सर, मुलं विसरली असती. तुम्ही म्हणालात, "जिथं चूक झाली तिथंच दुरुस्त करावी, बाई. कानात सांगितली तर फक्त करणाऱ्याचं ओझं उतरतं."

म्हणून कानात सांगायची सोय नव्हती. आणि पटांगणात सांगायची माझी छाती नव्हती.

एकदा प्रयत्न केला होता. वऱ्हांड्यात तुम्ही हजेरीपट घेऊन चालला होता. मी म्हणाले, "सर, तो लेख..." तुम्ही थांबलातही नाहीत. "राहू द्या बाई, झालं ते." मी ती क्षमा समजले. आता वाटतं, तुम्ही माझ्यासाठी एक दार बंद केलंत आणि मला हायसं वाटलं.

या डिसेंबरात तुम्ही दादरहून आलात आणि आठवड्यात गेलात. त्यानंतर महिन्याभरात विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला. नामांतर मागितलं होतं, नामविस्तार मिळाला. तुम्ही त्यावर काय म्हणाला असता हे मला ठरवता येत नाही. पूर्वी आलं असतं. स्टाफरूममध्ये त्या दिवशी कुणी वर्तमानपत्र उघडलं नाही. मी तुमच्या खुर्चीकडे पाहिलं तेव्हा तिच्यावर कुणीतरी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा ठेवला होता.

यंदाच्या हस्तलिखितात तुमच्यासाठी एक पान ठेवायचं ठरलं आहे. फोटो, जन्म, शिक्षण, चार ओळी. मी मुख्याध्यापकांना सांगितलं की चार पानं लागतील आणि त्याआधी आणखी काही पानं, ती मी स्वतः लिहीन. मुलांच्या सुंदर अक्षरात नाही, माझ्या अक्षरात. ते म्हणाले, "बाई, जुनं उकरून काय मिळणार?" गणिताचे सर परभणीला बदलून गेले. ज्या मुलांनी टाळ्या वाजवल्या त्यांतली कुणी संसारात आहेत, कुणी पुण्याला कारखान्यात. ज्या पटांगणात चूक झाली त्या पटांगणात आता त्यांच्यापैकी एकही नाही. एवढा उशीर झाला आहे, हे मला ठाऊक आहे. तरी लिहिते आहे.

पण पानं तुमची होती. विचारायला हवं होतं. म्हणून गेल्या रविवारी मी सेलूला तुमच्या घरी गेले. तेरा वर्षांत पहिल्यांदा. पत्ता हुसेनभाईंना विचारावा लागला.

तुमच्या मुलीनं, प्रज्ञानं दार उघडलं. मी नाव सांगितलं, शाळा सांगितली. तिनं आईला हाक मारली, वहिनी बाहेर आल्या. मी पिशवीतून चार पानं काढली आणि जे झालं ते सगळं सांगितलं. ग्लास, टाळ्या, चुटके, नकाशा. प्रज्ञा पानं वाचत होती. पेन्सिलीच्या रेघेवर तिचं बोट थांबलं.

"बाबांचं एकट्याचं घेऊ नका, बाई," ती म्हणाली. "लोक म्हणतील, मेल्यावर मोठेपणा दिला. तुम्ही काय केलंत तेही लिहा. नाव घालून."

"घालीन," मी म्हणाले.

वहिनी पुढे सरकून बसल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी तुमीच का त्या बाई."

"तुम्ही मला ओळखता?"

"न्हाई तर काय. रोज तुमचं नाव असायचं की घरात. चप्पल काढता काढता सुरू. आज बाई असं म्हणल्या, आज बाईनं हे वाचायला दिलं, बाईला हे इचारतो. लय नाव घ्यायचे. मग एक दिवस बंदच झालं. मी वाट बघितली. दुसऱ्या दिवशी न्हाई, आठ दिवसांनी न्हाई. कुणाचं वाईट बोलायचा तर सभावच नव्हता त्यांचा. मग आमाला वाटलं, तुमची बदली झाली."

माझी बदली झाली नव्हती, सर. मी इथंच होते.